खाजणातल्या वनस्पतींची नोंद कशी करावी: आधी जमिनीची उंची, मग नाव

खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, जमीन चार बोटं वर उठली की झाडं बदलतात. एवढं लक्षात ठेवून काम केलंत तर पाहणी उपयोगाची होईल, नाहीतर हातात नुसती नावांची यादी उरेल.

खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती कशा मोजाव्यात याचे जे सल्ले फिरतात, त्यांतले बरेच मध्य आशियातल्या स्टेपसारख्या कोरड्या गवताळ प्रदेशांना शोभणारे असतात. तिथे पाऊस तुटपुंजा. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि सोलोनचाक नावाची खारी माती तयार होते. तिथला एकेक पट्टा दूरवर सारखाच पसरलेला असू शकतो. आपल्याकडे मीठ दिवसातून दोनदा भरतीबरोबर येतं आणि पावसाळ्यातला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस त्यातलं बरंचसं धुऊन नेतो. आपल्याकडच्या मोरस आणि माचोळ या खाऱ्या जमिनीवरच्या मांसल वनस्पतींचे भाऊबंद स्टेपवरही आहेत, पण म्हणून तिथली पद्धत इथे जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे ‘शंभर मीटरवर एक चौकट (मोजणीचा चौरस) टाका’ हे ठीक असेल. पेण-अलिबागच्या खारेपाटात शंभर मीटरमध्ये अख्खं खाजण संपून बंधारा लागतो.

वेळ कोणती?

तिथी धरून जा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोळ्यांचा हिशेब मुंबई-रायगडच्या बाजूला चांगला जमतो. दक्षिणेकडे आणि खाडीत आत शिरल्यावर फरक पडतो, म्हणून तिथल्या माणसाला विचारा. मी पौर्णिमेनंतरची द्वितीया धरतो. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी सव्वासात-साडेसातला. उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो, त्यामुळे सकाळी चिखल खोलवर उघडा पडतो. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते. दुपारी ओहोटी मिळते खरी, पण पाणी पुरेसं हटत नाही.

कांदळवनात शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. एकटे जाऊ नका. गमबूट चिखलात रुतून पायातून निघतात. नाडी घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट बरे, कारण कालवांच्या शिंपांच्या कडा पाय कापतात.

दोरी आणि उंची

माझं पहिलं काम इथेच फसलं. पाण्याच्या कडेपासून बंधाऱ्यापर्यंत दोरी ताणली, एक मीटरच्या चौकटी टाकल्या, फोनवर जीपीएस घेतलं. नकाशावर काढायला बसलो तर सगळा गुंता. धाप्याच्या (ही मांसल पानांची वनस्पती) चौकटीत तिवर (हे कांदळवनातलं झाड), तिवराच्या चौकटीत मोरस. फोनचं जीपीएस पाच मीटर सहज चुकतं आणि खाजणातला एखादा पट्टा अवघा तीन-चार मीटर रुंद असतो. जीपीएसवर विसंबून पट्टे काढा, असं सांगणाऱ्याने खाजणात काम केलेलं नाही, असं मी ठामपणे म्हणेन. जीपीएस फक्त दोरीच्या दोन टोकांसाठी वापरा.

मोजायची ती उंची, आणि त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. भरतीचं शांत पाणी हीच सर्वांत मोठी समपातळी. सकाळच्या ओहोटीला दोरीवर दर दोन मीटरला बांबूची काठी ठोका. त्याशिवाय जिथे झाडं डोळ्यांना बदललेली दिसतील तिथे एक जास्तीची. प्रत्येक काठीला जमिनीपासून वर गेरूचा पातळ हात द्या आणि तो वाळू द्या. दुपारी पाणी चढेल तिथवर गेरू धुऊन जाईल. पुढच्या ओहोटीला जमिनीपासून त्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा. एका काठीवर 62 सेंटिमीटर आणि दुसरीवर 48 आलं, तर दुसरीची जमीन 14 सेंटिमीटर उंच. वारा असलेला दिवस टाळा, लाटांनी रेघ फसवी येते. खालच्या भागात पाणी काठीच्या डोक्यावरून जातं आणि बंधाऱ्याच्या आत ते पोचतच नाही. या दोन ठिकाणी गवंड्याची पाण्याची नळी वापरा. नळीत एकही बुडबुडा नको. सगळ्या उंच्या उघाडीच्या (बंधाऱ्यातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) एखाद्या पक्क्या दगडाशी जोडा, म्हणजे दुसऱ्या वर्षीही त्याच मापावर येता येईल.

मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, मालवणात त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून रायगडात काढलेली पट्ट्यांची उंची सिंधुदुर्गात चिकटवू नका. प्रत्येक खाडीची दोरी वेगळी.

उंचीइतकाच महत्त्वाचा ऋतू. ही चूकही मी केली आणि ती जास्त महाग पडली. भाद्रपदात एका बंधाऱ्यालगतच्या सपाटीवर लव्हाळा आणि गवत दाट होतं. मी तिथे ‘गोड्या पाण्याचं गवताळ’ असं लिहून मोकळा झालो. वैशाखात सहज पुन्हा गेलो तर जमिनीवर पांढरी पापडी आली होती, तिला भेगा गेल्या होत्या आणि त्या भेगांच्या कडेने मोरस लालभडक होऊन उभं होतं. गवताची फक्त वाळकी मुळं राहिली होती. पावसाने धुतलेलं मीठ उन्हाळ्यात खालून पुन्हा वर ओढलं गेलं होतं. एका फेरीच्या बळावर खाजणाचं वर्गीकरण करू नका. पावसाळ्यात एक, कार्तिक-मार्गशीर्षात एक आणि वैशाखात एक अशा तीन फेऱ्या हव्यातच. एकच शक्य असेल तर वैशाखातली करा आणि ती एकच केली हे स्पष्ट लिहा.

मिठाचं मोजमाप घ्यायचं तर पापडी खरवडून घेऊ नका, आकडा भलताच येतो. पापडी बाजूला करून वरच्या दहा सेंटिमीटरची माती घ्या. ती वाळवून 20 ग्रॅम मातीत 100 मिलिलिटर शुद्ध पाणी घाला, ढवळा, निवळू द्या आणि मग विद्युतवाहकतेचा मीटर बुडवा. या पद्धतीचा आकडा कमी येतो, कारण पाणी जास्त असतं. खाऱ्या जमिनीसाठी सांगितली जाणारी 4 डेसिसीमेन्स प्रति मीटर ही विद्युतवाहकतेची मर्यादा पाण्याने जेमतेम भिजलेल्या मातीच्या अर्काची आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केली की खारी जमीनही गोडी ठरते. तुमच्याच दोरीवरच्या काठ्या एकमेकींशी ताडून बघायला ही पद्धत पुरेशी आहे.

ओळख

मांसल पानांच्या झाडांपाशी नवखे अडतात. पानं जोडीने समोरासमोर आणि फूल आतून गुलाबी असेल तर धापा. पानं एकाआड एक, बारीक सळईसारखी आणि फुलं हिरवट, बगलेत चिकटलेली असतील तर मोरस. पानंच दिसत नाहीत, नुसत्या हिरव्या कांड्यांवर कांड्या रचलेल्या असतील तर माचोळ. घोळ आणि धापा यांत गोंधळ होतो, पण घोळीचं फूल पिवळं. ही गावठी नावं खाडीगणिक बदलतात, म्हणून वहीत शास्त्रीय नावही लिहा: धाप्याला सेसुव्हियम, मोरसाला स्युएडा, माचोळाला सॅलिकॉर्निया.

तिवर आणि मारांडी यांची पानं सकाळी उन्हासमोर तिरपी धरा. पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. जिभेला लावले तर खारट लागतात. ही चव पुरेशी ओळख पटेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही झाडावर घेऊ नका. गेव्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर डोळा जातो की काय अशी वेळ येते. गेवा ओळखता येईपर्यंत खाजणात फांद्या मोडायच्याच नाहीत.

नमुने दाबताना मांसल फांदी आधी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा. नाहीतर धापा कागदात आठवडाभर जिवंत राहतो आणि मोरसाची पानं गळून पडतात. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून कागद रोज बदला. माचोळाच्या सुटलेल्या कांड्या लहान पाकिटात घालून त्याच पानाला चिकटवा. लालपणा वाळल्यावर राहत नाही, तो जागेवरच लिहा.

कुलांची नावं जुन्या पुस्तकांतून उतरवू नका. तिवर आता अडुळशाच्या कुलात, अकँथेसीत आहे. चिप्पी मेंदीच्या कुलात, लायथ्रेसीत. मोरस आणि माचोळ राजगिऱ्याच्या अमरँथेसीत. बंधाऱ्यावरची वनजाई तुळशीच्या लॅमिएसीत गेली आणि तिचं नाव आता व्होल्कामेरिया इनर्मिस आहे.

पट्टे पाडणे

प्रत्येक चौकटीत प्रत्येक वनस्पतीने किती जमीन झाकली त्याला ब्राउन-ब्लांकेच्या पद्धतीने आकडा द्या: 5 टक्क्यांच्या आत 1, 25 पर्यंत 2, 50 पर्यंत 3, 75 पर्यंत 4, त्यावर 5. मग मोठ्या कागदावर डावीकडे नावं आणि वर चौकटी मांडा. चौकटी अंतराच्या नव्हे, उंचीच्या क्रमाने मांडा. आकड्यांचे पुंजके आपोआप दिसू लागतात. माझ्या पहिल्या दोरीवरचा गुंता एवढ्या एका बदलाने सुटला.

पट्ट्याला नाव देताना तिवरावर जाऊ नका. आपल्याकडचा साधा तिवर, अव्हिसेनिया मरीना, पाण्याच्या कडेलाही उभा असतो आणि वरच्या खारट सपाटीवर कमरेएवढा खुजा होऊनही. जो सगळीकडे आहे तो पट्टा सांगत नाही. जास्त जमीन झाकणारी एक आणि दुसरीकडे न सापडणारी एक, अशा दोन वनस्पतींची जोडी घ्या. मोरस आणि रुदंती, किंवा धापा आणि एल्युरोपस हे रांगतं टोचरं गवत. तिवराची नोंद मात्र झाडाच्या उंचीसह करा, कारण त्याचा खुजेपणा तिथल्या मिठाचा अंदाज देतो.

काम झालं की काठ्या काढून घ्या, फक्त दोन टोकांच्या ठेवा. त्यांचं उघाडीच्या दगडापासूनचं अंतर आणि उंची वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पावसाळ्यात काठी वाहून गेली तरी त्या आकड्यांवरून जागा पुन्हा सापडते.