आयएसएलचा नवा हंगाम: वेळापत्रक यायच्या आधीची तयारी

सगळ्यात आधी इंडियन सुपर लीगमधला, म्हणजे फुटबॉलच्या आयएसएलमधला, आपला संघ अजून जागेवर आहे का, ते बघून घ्या. थट्टा करत नाही, पुणेकरांना विचारा. २०१४ मध्ये लीगबरोबरच एफसी पुणे सिटी जन्माला आला, बालेवाडीत खेळला आणि २०१९ मध्ये गुंडाळला गेला. त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. हैदराबादने २०२२ ची फायनल मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर जिंकली, गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणीने त्या रात्री पेनल्टी शूटआउटमध्ये तीन किक अडवल्या. २०२५ मध्ये तो क्लबही उठून दिल्लीला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. म्हणजे बालेवाडीची ती जागा दोन बिऱ्हाडं बदलून आता यमुनेकाठी आहे. मुंबईकरांनीही फार निर्धास्त राहू नये. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, डिसेंबर २०२५ मध्ये ते बाहेर पडले. तेव्हा मालक कोण, कोच कोण आणि घरचं मैदान कोणतं, या तीन गोष्टी क्लबच्या अधिकृत पानावर जाऊन दर हंगामाआधी नव्याने तपासायच्या. गेल्या वर्षीचं काहीही गृहीत धरू नका.

दुसरं काम म्हणजे खरं तर वेळापत्रक बघणं. पण आपल्या लीगमध्ये वेळापत्रक सगळ्यात शेवटी येतं. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १५ वर्षांसाठी आपल्या फुटबॉलच्या व्यापारी हक्कांचा जो करार केला होता, तो ८ डिसेंबर २०२५ ला संपला. पुढे काय, हे ठरेना म्हणून आधीच्या दोन वर्षांसारखा सप्टेंबरात सुरू न होता २०२५-२६ चा हंगाम १४ फेब्रुवारी २०२६ ला सुरू झाला. सप्टेंबरापासून रेल्वेची तिकिटं आणि ऑफिसच्या रजा डोळ्यांपुढे ठेवून बसलेल्यांचं काय झालं असेल, ते सांगायला नको. म्हणून माझं म्हणणं असं की कामांचे दोन गठ्ठे करा. तारखेशी ज्यांचा संबंध नाही ती कामं आत्ताच उरकायची. तारखेशी ज्यांचा संबंध आहे त्यांची फक्त माहिती काढून ठेवायची, पैसे गुंतवायचे नाहीत. वेळापत्रक जाहीर झाल्यावर पहिल्या मॅचपर्यंत फार दिवस मिळतात असं नाही, आणि तेव्हा बाकीची मंडळी धावपळ करत असताना तुमचं निम्मं काम झालेलं असतं.

पहिल्या गठ्ठ्यात वर हवं ते म्हणजे या हंगामाचा साचा समजून घेणं. २०२४-२५ मध्ये १३ संघ होते आणि प्रत्येकाला २४ मॅच मिळाल्या, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा घरी, एकदा बाहेर. २०२५-२६ मध्ये संघ १४ झाले, पण गाठ एकदाच, त्यामुळे वाट्याला १३ मॅच. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण प्रेक्षकाचं सगळं गणित त्यावर फिरतं. १३ मॅच असतील तर घरच्या मैदानावर फार तर सहा-सात. त्यातली एक ऑफिसमुळे गेली, एक लग्नामुळे गेली की सीझन पासचे पैसे वसूल व्हायचं नाव नको. २४ असतील तर पास परवडतो. मुंबई-गोवा मॅच दोनदा आहे की एकदाच, आणि एकदाच असेल तर अंधेरीला की फातोर्ड्याला, हेही साच्यावरच ठरतं. नव्याने बघायला लागलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट: या लीगमध्ये दोन बक्षिसं असू शकतात. गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याला शील्ड मिळते, आणि वरच्या संघांचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, होऊन फायनल जिंकणाऱ्याला कप. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये दोन्ही नेली, २०२२-२३ मध्ये फक्त शील्ड, २०२३-२४ मध्ये फक्त कप. एफसी गोवाकडे २०१९-२० ची शील्ड आहे, कप मात्र नाही, आणि मडगावात हा विषय जपून काढावा. प्लेऑफ आहेत की नाहीत हे कळलं की सहाव्या क्रमांकासाठीची हंगामअखेरची धडपड बघण्यासारखी ठरेल की निरर्थक, तेही कळतं.

खालून वर कोण आलं, ते बघायला दोन मिनिटं लागतात. पंजाब, मोहम्मेडन आणि इंटर काशी हे तिघं आय-लीग या खालच्या लीगमधून वर आले. पण इंटर काशीचं विजेतेपद मैदानावर ठरलं नाही. महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये करंडक गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला दिला होता, जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने तो निर्णय फिरवून काशीला विजेता ठरवलं. गोव्यातल्या साष्टीत कुणाशी गप्पा मारायच्या असतील तर एवढी पार्श्वभूमी हवीच.

आता जर्सी. इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. पाठीवर खेळाडूचं नाव छापून घ्यायच्या आधी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपू द्या. बिपिन सिंगने मुंबईसाठी २०२१ च्या फायनलमध्ये ९० व्या मिनिटाला गोल केला, २०२४ च्या फायनलमध्येही केला. अंधेरीत त्याच्या नावाचे निळे शर्ट ढिगाने दिसायचे. २०२५ मध्ये तो ईस्ट बंगालला गेला. मुंबईचाच आपुइया २०२४ मध्ये मोहन बागानला गेला. आणि गोवेकरांचं दुःख त्याहून मोठं, कारण ब्रँडन फर्नांडिस, त्यांच्या घरचा पोरगा आणि त्यांचा कॅप्टन, २०२४ मध्ये थेट मुंबईकडेच आला. केशरी जर्सीवर त्याचं नाव घातलेल्यांनी तिचं पुढे काय केलं, हे मला अजून विचारवलेलं नाही. फारच हौस असेल तर स्वतःचं नाव छापा, ते कुठे जात नाही. जुनी जर्सी चालते, खरं तर मैदानात जुन्या जर्सीला मान जास्त. संघाची यादी आली की ती मात्र नीट वाचा. परदेशी खेळाडू कोण आले याची चर्चा सगळे करतात, पण एका वेळी मैदानावर ते चारच असतात, उरलेले सात आपलेच. डावा बॅक कोण, दुसरा गोलकीपर कोण, यावर हंगाम तरतो किंवा बुडतो.

टीव्ही आणि मोबाईलचं काम दुसऱ्या गठ्ठ्यातलं. २०२२-२३ पर्यंत मॅच स्टारवर होत्या, २०२३ पासून हक्क व्हायाकॉम १८ कडे गेले, आणि ते असेच करारागणिक हात बदलत राहणार. वर्षभराचं सबस्क्रिप्शन 'गेल्या वेळी इथेच होतं' म्हणून भरू नका. हक्क कुणाकडे गेले ते जाहीर होऊ द्या, मग भरा.

कोल्हापूरकरांना वेगळं काय सांगायचं? तुमचा खरा हंगाम शाहू स्टेडियमवरच असतो. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा या स्थानिक संघांची ईर्ष्या बघून झाल्यावर आयएसएल जरा अळणी लागतं, हे मान्य. तरी २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला आपला अनिकेत जाधव यंदा कुठल्या क्लबात आहे, तेवढं बघून ठेवा आणि त्या क्लबाची मुंबईतली किंवा गोव्यातली मॅच आली की गाडी काढा.

अंधेरीला जाणाऱ्यांसाठी मात्र सविस्तर सांगायला हवं. मुंबई सिटी २०१४ आणि २०१५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटीलला खेळायची, २०१६ पासून अंधेरी क्रीडा संकुलातल्या फुटबॉल अरेनात आली. मैदान छोटं, काही हजारांचंच, त्यामुळे मोठ्या मॅचची तिकिटं भराभर संपतात. पण त्या छोटेपणाचाच फायदा असा की कुठेही बसलात तरी कोच काय ओरडतोय ते ऐकू येतं. तिकीट काढण्याआधी बसायचं कुठे ते ठरवा. लहान मुलं किंवा आई-बाबा बरोबर असतील तर वेस्ट कोस्ट ब्रिगेडच्या, म्हणजे मुंबईच्या पाठीराख्यांच्या, ढोलांपासून लांबचा स्टँड घ्या. एकटे किंवा मित्रांबरोबर असाल तर त्यांच्यातच घुसा. ९० मिनिटं उभं राहावं लागेल, घसा बसेल, पण गाणी दोन मॅचमध्ये पाठ होतात. मुलांना तिकीट लागतं का आणि कितव्या वर्षापासून, हा नियम तिकिटाच्या पानावरच वाचायचा, गेटवर त्यावर वाद घालून काही होत नाही.

गाडी आणू नका. वीरा देसाई रोडवर संध्याकाळी पार्किंग शोधणं म्हणजे पहिला हाफ सोडून देणं. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने अंधेरीच्या पुढचंच स्टेशन आझाद नगर, तिथून चालत जाता येतं. परतीचं मेट्रोचं तिकीट जातानाच काढून ठेवा, मॅच सुटल्यावर खिडकीपुढे एकदम सगळं निळं होतं. मॅच रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघायचंच, कारण ब्लॉक दुपारी संपला तरी गाड्यांचं रडगाणं संध्याकाळपर्यंत चालू असतं. साडेसातची मॅच संपायला साडेनऊ होतात. कल्याण-कर्जतकडे किंवा विरारच्या पुढे जाणाऱ्यांनी शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरायचं ठरवावं, शेवटची नाही.

खिशात काय ठेवायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही, ही यादी जास्त महत्त्वाची. बहुतेक मैदानांवर सुटी नाणी, पॉवर बँक, पाण्याची बाटली, लायटर, छत्री आणि घरचे खाण्याचे डबे गेटवरच अडवतात. नाण्यांचं नवख्यांना नेहमी आश्चर्य वाटतं, पण ती मैदानात भिरकावता येतात, म्हणून. ठेवून घ्यायची सोय असेलच असं नाही. बाइकवरून येणाऱ्यांनी हेल्मेट गाडीलाच लॉक करून यावं. पॉवर बँक चालत नाही म्हटल्यावर फोन घरूनच पूर्ण चार्ज हवा, कारण तिकीट फोनमध्ये आणि परतीची रिक्षाही फोनमध्येच. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, गर्दीत नेटवर्क गायब होतं. पावसाळा रेंगाळलेला असेल तर साधा रेनकोट. हंगाम फेब्रुवारीनंतर ढकलला गेला असेल तर पाच वाजताच्या मॅचला टोपी आणि आधी घरी प्यायलेलं भरपूर पाणी.

आता गोवा. वर्षात एक तरी मॅच फातोर्ड्याला बघा, मग तुम्ही कुणाच्याही बाजूचे असा. गोव्यात फुटबॉल आयएसएलने आणलेलं नाही. धेंपोने देशाची लीग पाचदा जिंकली, साळगावकर आणि चर्चिलने दोन-दोनदा. या स्टेडियमवर शेजारी बसलेला म्हातारा ते सगळं बघून आलेला असतो आणि विचारलं की सांगतो. तयारी रेल्वेपासून सुरू होते. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, १२० दिवसांचा काळ गेला. वेळापत्रक आलं त्याच दिवशी संध्याकाळी बसून तिकिटं काढा. मॅच दिवाळीच्या सुट्टीत किंवा नाताळच्या आठवड्यात पडली असेल तर कन्फर्म तिकिटाचा हट्ट सोडा आणि बसचा विचार करा. ऑक्टोबरातही कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असू शकतं, तेव्हा गाडीची वेळ पाठ आहे म्हणून बेसावध राहू नका. मुंबईकडे येणारी कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच सुटते, म्हणजे साडेसातची मॅच बघून ती मिळणार नाही. एक रात्र राहायचं, दुसऱ्या दिवशी सकाळची मांडवी धरायची, आणि ऑफिसात रजा एकाऐवजी दोन दिवसांची टाकायची. खोली कोलव्याला न घेता मडगावातच घ्या, स्टेडियम कदंबा बस स्टँडच्या जवळच आहे आणि रात्री टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करायची वेळ येत नाही. मासे-भात दुपारी आटोपून घ्या, मॅचनंतर भूक लागली तरी हवं ते उघडं सापडेलच असं नाही.

आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही, हे बरोबरच्या सगळ्यांना आधीच बजावून ठेवा. २४ एप्रिल २०२४ ला सेमीफायनलच्या पहिल्या लढतीत गोवा इथे २-० ने पुढे होता. घड्याळात ८९ मिनिटं झाली होती. मग मुंबईच्या छांगटेने एक घातला, लगेच विक्रम प्रतापने दुसरा, आणि ९६ व्या मिनिटाला छांगटेने पुन्हा. २-३. त्या रात्री गर्दी टाळायला कुणी पाच मिनिटं आधी बाहेर पडला असेल, तर त्याने तीन गोल रस्त्यावरून ऐकले. मुंबईवाल्यांनी तिकीट काढतानाच पाहुण्यांचा स्टँड कुठला ते बघायचं. स्वस्त पडतं म्हणून ईस्ट लोअरचं काढलंत तर निळा शर्ट बॅगेत राहू द्या आणि गोल झाला तर खाली बसून राहा.