सांगली परिसरातील व्यवसायाच्या जागा वेगवान इंटरनेटने परवडेल अशा खर्चात कशा जोडाव्यात

सांगलीच्या मार्केट यार्डात पेढी, कुपवाडच्या एमआयडीसीत कारखाना आणि तासगावला बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज असा पसारा असेल, तर लीज्ड लाइनचे (फक्त आपल्यासाठी राखलेल्या, हमीच्या वेगाच्या जोडणीचे) कोटेशन मागवण्याआधी एका जागेहून दुसरीकडे रोज किती डेटा जातो, हे मोजावे. २० जीबीचा बॅकअप १०० एमबीपीएस अपलोडवर अर्ध्या तासाच्या आत जातो. १० एमबीपीएसवर त्यालाच साधारण साडेचार तास लागतात. म्हणून अपलोडचा वेग लेखी मागावा. सीसीटीव्हीचे चित्रण मात्र जागच्या जागी एनव्हीआरमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातच, ठेवावे.

माझ्या मते बहुतेक मध्यम व्यवसायांना प्रत्येक जागी दोन वेगळ्या कंपन्यांची फायबर कनेक्शन आणि त्यांवर राउटरमधून बांधलेला व्हीपीएन (इंटरनेटवरूनच दोन जागा जोडणारा सुरक्षित खाजगी मार्ग) एवढे पुरेसे होते. त्यासाठी निदान मुख्य जागी स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घ्यावा, कारण दोन्ही टोके सीजीनॅटमागे (कंपनी अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देते, त्या व्यवस्थेमागे) असली की राउटरांना एकमेकांपर्यंत थेट पोहोचणे अवघड जाते. राउटर निवडताना व्हीपीएन चालू असतानाचा वेग पाहावा. स्वस्त राउटर एन्क्रिप्शनच्या (डेटा सांकेतिक रूपात बदलण्याच्या) भाराखाली मंदावतो आणि मोठ्या लाइनचे पैसे वाया जातात.

कंपन्या वेगळ्या असल्या, तरी केबलची वाट एकच असू शकते. आमच्या कारखान्यात दोन्ही केबली एकाच खांबावरून, एकाच वेटोळ्यातून आल्या होत्या. गळिताच्या दिवसांत उंच भरलेल्या उसाच्या ट्रॉलीत अडकून त्या एकदमच तुटल्या आणि दिवसभर एकही ई-वे बिल निघाले नाही. तेव्हापासून मी जोडणी घेण्याआधी केबलच्या मागे खांबोखांब चालत जाऊन जॉइंट बॉक्स पाहतो, आणि दुसरी केबल शक्यतो विरुद्ध बाजूच्या रस्त्याने आणायला लावतो.

गच्चीवरून दुसरी जागा सरळ दिसत असेल, तर ५ गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक हा मासिक भाड्याविना चालणारा पर्याय आहे; २०१८ पासून या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त आहे. मात्र नुसते दिसणे पुरत नाही. १० किलोमीटरच्या लिंकसाठी मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे ११ मीटर त्रिज्येची जागा बहुतांशी मोकळी लागते, त्यामुळे वाटेतली नारळाची झाडे आधी पाहावीत.

लाइन बंद पडताच माल अडकत असेल, तरच लीज्ड लाइन घ्यावी. त्या करारातील ९९.५ टक्के उपलब्धतेचा अर्थ ३० दिवसांत ३.६ तास बंद चालेल असा होतो; म्हणून दुरुस्तीची मुदत आणि भरपाई दोन्ही लिहून घ्यावीत. सगळे बसवून झाल्यावर, शेवटचे बिल चुकते करण्यापूर्वी, कामाच्या वेळेत मुख्य लाइनची केबल स्वतः काढून बघावी आणि दुसऱ्या लाइनवर बिलिंग किती सेकंदांत पुन्हा सुरू होते, ते घड्याळ लावून मोजावे.