हातमागाचा क्लास लावताय? आधी विचारा, ताणा कोण भरणार

पहिली गडबड शब्दापासूनच होते. आपल्याकडे विणकाम म्हटलं की स्वेटर. त्यामुळे नेटवर "विणकाम क्लास" टाकलं की क्रोशे, लोकरीच्या टोप्या, फार तर मॅक्रमे येतं आणि "हॅन्डलूम" टाकलं की बेडशीटची दुकानं आणि सेल. म्हणून "हातमाग प्रशिक्षण", "लूम वीव्हिंग वर्कशॉप", "टॅपेस्ट्री", "सूतकताई" असं सगळं वेगवेगळं टाकून बघा, मराठीत पण आणि इंग्रजीत पण. क्रोशेच शिकायचं असेल तर प्रत्येक सोसायटीत एक काकू असतात, त्यांना गाठा, पुढचं वाचायची गरज नाही.

क्लास सापडला, नंबर मिळाला, फोन लावला. आता पहिला प्रश्न फीचा नाही. पहिला प्रश्न: ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे दोरे, आम्ही भरायचा की तुम्ही भरून ठेवणार?

हे मी मागच्या वर्षी विचारलं नाही. पाच दिवसांचा क्लास केला, छान होता, माणसंही चांगली होती, आम्ही पोचलो तेव्हा माग तयार, दोरे ताणलेले, आम्ही बसायचं आणि धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारी नळी, इकडून तिकडे टाकायचा. पाचव्या दिवशी गळ्यात स्वतः विणलेला स्टोल, फोटो, स्टेटस, सगळं झालं. त्याच जोशात घरी सोळा इंची टेबल लूम मागवला. खोका उघडला आणि कळलं की मला जे येतं ते अर्ध्यातून सुरू होतं. उभे दोरे मोजायचे कसे, सगळे सारख्या लांबीचे कसे करायचे, गुंता न होता मागावर चढवायचे कसे, काही म्हणजे काही माहीत नाही. साधा हिशोब करा, इंचाला 20 दोरे धरले तर 16 इंचाला 320 दोरे, प्रत्येक दोरा एकदा हेडलच्या (उभे दोरे वर-खाली करणाऱ्या तारेच्या) डोळ्यातून आणि एकदा फणीच्या (दोरे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या कंगव्याच्या) दातातून, म्हणजे 640 वेळा ओवणं. मी नव्वदपर्यंत गेले आणि मग दिसलं की सदतिसावा आणि अडतिसावा एकमेकांवरून गेलेत, म्हणजे तिथून पुढचं सगळं उपसा. उपसलं. परत ओवलं, परत चुकलं. सध्या तो लूम गॅलरीत आहे आणि त्यावर टॉवेल वाळतात.

आणि शिकवणारे हे टाळतात त्यात त्यांचा दोष आहे असंही नाही. विणकरांच्या गावात ताणा करणं हे बऱ्याचदा वेगळ्याच माणसाचं काम असतं. शिवाय जुना ताणा संपत आला की त्याचे दोरे उपसत नाहीत, नव्या ताण्याचा एकेक दोरा जुन्याच्या टोकाला जोडत जातात, सांधणी म्हणतात त्याला, म्हणजे हेडल आणि फणीतली ओवणी तशीच राहते. त्यामुळे वर्षानुवर्षं विणणाऱ्या माणसालाही कोऱ्या मागावर पहिल्यापासून ओवायची वेळ क्वचित येते, तो तुम्हाला आपणहून कशाला शिकवेल. तुम्हाला मात्र घरी कोराच माग मिळणार आहे. म्हणून विचारा. "सगळं शिकवतो मॅडम" हे उत्तर नाही. "पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः ताणा मोजून चढवाल" हे उत्तर.

आता काय शिकायचंय ते. पैठणी म्हणाल तर येवल्याला जा, घराघरात माग आहेत, पण दुकानामागच्या खोलीतला माग दाखवणं आणि शिकवणं यात फरक आहे. पारंपरिक पदराला जकार्ड (नक्षी आपोआप उचलणारं यंत्र) वगैरे काही नसतं, प्रत्येक रंगाची छोटी तिल्ली हाताने फिरवून मोर भरतात, उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते, आणि साडीला महिनोन्महिने जातात. दोन दिवसांत "पैठणी शिका" असं कोणी म्हणत असेल तर ते दोन बोटांची फुलपट्टी करून घेतील, तेवढंच. ते चालणार असेल तर जरूर जा. घोंगडी बघायची असेल तर सातारा-सोलापूरकडे सनगरांच्या, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजाच्या, घरी खड्डामाग असतो (विणणारा पाय खड्ड्यात सोडून बसतो तो), दख्खनी मेंढीची लोकर, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ. ती खळ लावून ताणा बाहेर उन्हात सुकवतात, त्यामुळे पावसाळ्यात जाऊ नका, काही बघायला मिळणार नाही. हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, संभाजीनगरला, पण माग थोडेच उरलेत. नुसतं सूत कातायचं असेल तर वर्धा-सेवाग्राम, तिकडे पेटी चरखा मिळतो, तोच येरवडा चरखा, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना घडवलेला. कताईला तेवढं बरं, ताण्याची भानगड नाही. बाकी नातेवाईक हमखास सांगतात "अगं इचलकरंजीला जा ना", तर इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी हे सगळं पॉवरलूम आहे, तिथे कानात बोळे घालून उभं राहाल, शिकाल काही नाही.

सरकारी बाजूने विणकर सेवा केंद्र असतं, 1956 पासून ही केंद्रं आहेत, आपल्याकडे मुंबई आणि नागपूरला. मुळात ती विणकरांसाठी आहेत, हौशी लोकांसाठी नाहीत, त्यामुळे फोन करून सरळ विचारा की बाहेरच्यांना घेता का, आणि नाही म्हणाले तर रागावू नका. 7 ऑगस्टला हातमाग दिन असतो, 1905 च्या स्वदेशी चळवळीची ती तारीख, 2015 पासून पाळतात, त्या आठवड्यात प्रदर्शनं लागतात आणि विणकर स्वतः येतात. मला तर नेटपेक्षा हे जास्त उपयोगी वाटतं. स्टॉलवर गर्दी नसताना, दुपारी जेवणानंतर जा. आधी काहीतरी विकत घ्या, मग विचारा. आणि काय विचारायचं? बरोबर, ताणा.

फोनवरचे बाकीचे प्रश्न: माणशी एक माग की तिघांत एक (तिघांत एक असेल तर तुम्ही दोन तृतीयांश वेळ चहा पिणार), सूत फीमध्ये धरलंय का, विणलेलं घरी नेता येतं का. सुताचा नंबर पण विचारून ठेवा, नंतर तेच घ्यायला सोपं जातं. नंबर मोठा तेवढं सूत बारीक, नवशिक्यांना 2/20 म्हणजे वीस नंबरचे दोन पदर पिळलेलं सुती ठीक. रेशमाने सुरुवात करू नका. कृपया.

जाताना नखं कापा, अंगठ्या-बांगड्या काढा, रेशीम भेगाळलेल्या बोटालासुद्धा अडकतं, त्यामुळे आदल्या रात्री हाताला तेल लावून झोपा. खड्डामाग असेल तर सलवार किंवा पँट. पाठ दुखणार, उपाय नाही. चष्मा. वही, कात्री, बारीक क्रोशाची सुई (ओवायला कामाला येते, काकूंकडून मागा).

तिथे गेल्यावर विणतानाचे व्हिडिओ काढू नका, ते यूट्यूबवर ढीगभर आहेत. व्हिडिओ काढा ताणा चढवतानाचा. दोरे एकाआड एक ओलांडून टोकाला जी फुली पडते ना, ती बांधून कशी ठेवतात ते अगदी जवळून काढा, कारण ती फुली सुटली की दोऱ्यांचा क्रम गेला, माझं तेच झालं होतं.

लूम लगेच घेऊ नका. आधी दोन-तीन महिने साध्या लाकडी चौकटीवर विणा, खिळे ठोकून. फी, राहणं, प्रवास, ते तुमचं तुम्ही बघालच.

माझा पुढचा क्लास येत्या रविवारी आहे. डबा, पाणी, आणि शनिवारी रात्री त्यांना मेसेज टाकणार आहे: "ताणा आम्ही येईपर्यंत भरू नका हं, प्लीज."