ठाण्याच्या खाडीतील पक्ष्यांची छायाचित्रे कशी काढावीत: आधी तिथी, मग कॅमेरा

साष्टी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या ठाण्याच्या खाडीत पक्ष्यांची छायाचित्रे काढायची असतील, तर लेन्स निवडण्याआधी भरतीची वेळ काढावी. ओहोटीला चिखलपट्टे उघडे पडतात, रोहित (फ्लेमिंगो) आणि किनारी पक्षी चरत चरत दूर आत जातात आणि ६०० मिमीच्या लेन्समधूनही ठिपक्यांएवढेच दिसतात. पाणी चढू लागले की तेच थवे किनाऱ्याकडे सरकतात, आणि पट्टे पूर्ण बुडाले की नवी मुंबईच्या सीवूड्स परिसरातील डीपीएस तलाव किंवा टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ अशा उथळ जागी विसाव्याला येतात.

वेळेसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही चालतो. पक्ष कोणताही असो, तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीचा सुमार कळतो: चतुर्थीला तीन वाजता, द्वादशीला नऊ वाजता. हा ठोकताळा तासाभराने चुकू शकतो आणि खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडे उशिराच पोहोचते, त्यामुळे निघण्यापूर्वी भरतीचे कोष्टक पाहावेच. पण महिनाभर आधी रजा टाकायची असेल, तर भिंतीवरचे कॅलेंडर पुरते.

यानंतर प्रकाशाची दिशा जुळवावी. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर असल्याने तेथे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि दुपारनंतर तोंडावर येतो. म्हणून ऐरोलीसाठी एकादशी ते त्रयोदशीची सकाळ निवडावी, म्हणजे कोवळे ऊन आणि चढते पाणी एकत्र मिळते. सीवूड्सला चतुर्थी-पंचमीची दुपार उतरता उतरता जावे. अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, पाणी कमी चढते, पट्टे पुरते बुडत नाहीत आणि पक्षी तलावांवर यायचे टाळतात. त्या दिवसांत तेथे ताटकळण्यात अर्थ नाही.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नौकाफेरीची सोय आहे. तिच्या वेळा भरतीवर ठरतात, म्हणून आगाऊ चौकशी करावी. हलत्या नावेत तिपाईचा उपयोग नसतो. शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या खाली आणू नये आणि फोकस सतत पाठलाग करणाऱ्या पद्धतीवर ठेवावा. काळपट चिखलावर उभा असलेला फिकट पक्षी कॅमेऱ्याला फसवतो, पिसे पांढरीफटक उमटतात. तेव्हा एक्स्पोजर अर्ध्या ते एका स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करावे. लहान रोहिताची चोच गडद लालसर असते, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. खाताना दोघेही चोच उलटी धरून पाणी गाळतात, त्यामुळे डोळा पाण्याच्या अगदी लगत येतो. कॅमेरा शक्य तितका खाली धरला तरच हा क्षण नीट सापडतो.

ऋतूंचा क्रमही ध्यानात घ्यावा. ऑक्टोबरपर्यंत स्थलांतरित तुतारे, म्हणजे चिखलात चरणारे छोटे किनारी पक्षी, आलेले असतात, पण तेव्हा त्यांचा रंग बहुधा करडा असतो आणि एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखताना भलेभले गोंधळतात. डिसेंबर-जानेवारीत पक्षी भरपूर असले, तरी सकाळच्या धुरकट हवेत दूरचे चित्र मऊ पडते. अशा वेळी जवळच्या लांब पायांच्या शेकाट्यावर किंवा खंड्यावर लक्ष द्यावे आणि मागच्या इमारती चौकटीतून हटवण्याचा अट्टहास सोडावा. वाशी-नेरूळची गगनरेषा या पाणथळींचे खरे रूप आहे, आणि माझ्या मते इथली सर्वांत चांगली छायाचित्रे तिला सोबत घेऊनच निघतात. मार्च ते मे हा मात्र सुगीचा काळ. परतीपूर्वी वाकड्या चोचीची तुतारी विटकरी लाल होते, पाणटिवळ्याची मान तांबूस होते आणि रोहितांचे मोठे थवे अजून मुक्कामाला असतात. उन्हाळ्यात नऊनंतर तापलेल्या चिखलावरून हवा थरथरू लागते आणि महागडी लेन्सही धूसर चित्र देते, तेव्हा काम त्याआधी आटोपावे.

या खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ड्रोन येथे परवानगीशिवाय उडवू नये. थव्यातील माना एकाच वेळी वर झाल्या आणि सगळे पक्षी एका दिशेने चालू लागले, की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. उड्डाणाच्या चित्रासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांना सोबत नेऊ नये.

पावसाळ्यात बहुतेक रोहित गेलेले असतात, म्हणून अनेकजण कॅमेरा कपाटात ठेवतात. त्याच दिवसांत कांदळवनाच्या कडेला निवट्या पाहाव्यात. ओहोटीला हे मासे चिखलावर सरपटतात, पाठीवरचा पर शिडासारखा उभारून एकमेकांवर धावून जातात आणि क्षणात बिळात शिरतात. पायवाटेवर बसून, लेन्स जमिनीला टेकवून, काही मिनिटे न हलता थांबावे. ते पुन्हा बाहेर येतात. चिखलात मात्र उतरू नये, कारण गुडघाभर रुतलेला पाय सोडवताना कॅमेरा हमखास ओला होतो. घरी आल्यावर खारट तुषार ओलसर कापडाने पुसून कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा, नाहीतर ऑगस्ट संपेपर्यंत लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते.