अलार्म वाजतो, पण आजीला ऐकू येत नाही: धुराच्या अलार्मला दिवा, भोंगा आणि थरथरणारी चकती कशी जोडावी

बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर जुनं. पुढे सोपा, मग माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि मागे परसूकडे उघडणारी आजीची खोली. घराचं वायरिंग नव्यानं केलं तेव्हा धुराचे अलार्मही बसवून घेतले, एकमेकांना जोडलेले. एक वाजला की सगळे वाजतात. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी गॅसवर दूध राहिलं, करपलं आणि धूर माजघरात आला. सगळे अलार्म वाजले. आवाज ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. आजी मात्र झोपलेलीच होती. तिच्या दाराबाहेर छताला अलार्म कोकलत असताना ती कूससुद्धा बदलत नव्हती. उठवल्यावर म्हणाली, "मला काय ऐकूच आलं नाही बघ."

दोष अलार्मचा नव्हता. घरगुती अलार्मचा आवाज तीन मीटरवर साधारण ८५ डेसिबल असतो, पण तो असतो बारीक आणि किनरा, जवळपास ३००० हर्ट्झचा. वय वाढतं तसे कान आधी नेमके हेच उंच सूर सोडून देतात. त्यातून पत्र्यावर किंवा कौलांवर खानापूरकडचा पाऊस कोसळत असेल, तर चांगल्या कानाच्या माणसालाही दोन खोल्यांपलीकडचा अलार्म ऐकू येत नाही. म्हणून अलार्मच्या साखळीला आणखी काही जोडावं लागतं: डोळ्यांना दिसणारं, अंगाला जाणवणारं किंवा जाड आवाजाचं. हे काम कसं करून घ्यायचं, ते इथे सांगतो. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण तो काय जोडतोय हे तुम्हाला कळलं पाहिजे, कारण हे काम रोजचं नाही आणि चांगल्या वायरमनकडूनही त्यात चूक होते.

आधी तुमच्याकडे काय आहे ते बघा

अलार्म छतावरून फिरवून खाली काढा आणि त्याची बैठक पाहा. फेज आणि न्यूट्रलशिवाय तिसरं टर्मिनल असेल, तर ते सिग्नलचं. एका अलार्मला धूर लागला की तो या तिसऱ्या वायरीवरून बाकीच्यांना कळवतो. तिसरं टर्मिनल नसेल आणि अलार्म नुसत्या बॅटरीवर चालणारा असेल, तर तो एकटा आहे. त्याला बाहेरून काही जोडायला जाऊ नका. रेडिओ लहरींनी जोडले जाणारे अलार्म असतील, तर त्याच कंपनीचा वायरलेस रिले (अलार्मचा इशारा मिळाला की दुसरं उपकरण चालू करणारं बटण) मिळतो का ते विचारा.

"त्याच कंपनीचा" हे मुद्दाम म्हणतो. प्रत्येक कंपनीच्या सिग्नलचा व्होल्टेज आणि पद्धत वेगळी असते. एका कंपनीच्या साखळीत दुसरीचा अलार्म किंवा रिले घातला, तर कधी काहीच वाजत नाही आणि कधी अलार्म जळून जातो. एका साखळीत किती उपकरणं चालतात हेही माहितीपत्रकात दिलेलं असतं. रिले त्या मोजणीत धरायचा.

काय जोडायचं, ते माणूस बघून ठरवा

ऐकू कमी येणाऱ्या माणसाला झोपेतून उठवायचं असेल तर नुसत्या दिव्यावर विसंबू नका. उशीखाली किंवा गादीखाली ठेवायची थरथरणारी चकती मिळते, बहुतेक १२ व्होल्टची. आमच्या अनुभवात सगळ्यात उपयोगी तीच. तिच्या जोडीला लखलखणारा स्ट्रोब दिवा असावा. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या मानकात झोपायच्या खोलीतला असा दिवा छतापासून २४ इंचांच्या आत असेल तर १७७ कॅंडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) आणि त्याहून खाली असेल तर ११० कॅंडेला लागतो, असं म्हटलं आहे. छताजवळ धूर आधी साचतो आणि दिवा झाकोळतो, म्हणून वरच्या दिव्याला जास्त प्रकाश. दुकानात मिळणारा चार एलईडींचा सजावटीचा दिवा इथे कामाचा नाही.

आवाजच हवा असेल तर ५२० हर्ट्झचा जाड सूर असलेला भोंगा शोधा. कान कमी झालेल्यांना आणि गाढ झोपलेल्या लहान मुलांना बारीक सुरापेक्षा हा सूर लवकर जागं करतो. दिवसभर घरात म्हातारं माणूस एकटंच राहत असेल, तर एक भोंगा परसूत किंवा गल्लीच्या बाजूला लावा. वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. शेजाऱ्याला कळणं हाच तिथे मोठा आधार.

गॅसगळतीचा अलार्म मात्र या साखळीत आणू नका. गळती झाली की कुठलंही बटण चालू-बंद करू नये म्हणतात ते ठिणगीमुळे, आणि रिलेतही ठिणगी पडू शकते.

सिग्नलच्या वायरीला थेट काही लावू नका

आमच्याकडे आलेल्या पहिल्या वायरमननं हेच केलं होतं. सिग्नलची वायर आणि न्यूट्रल यांच्यामध्ये त्यानं सरळ एक छोटा भोंगा टाकला. चाचणीत भोंगा कसाबसा कुरकुरला आणि बाकीचे अलार्म गप्प झाले. त्या वायरीवर जेमतेम थोडे व्होल्ट असतात, आणि करंट इतका कमी की दुसऱ्या अलार्मला इशारा देण्यापुरताच पुरतो. त्यावर भोंगा लादला की व्होल्टेज कोसळतो. म्हणजे एक माणूस उठवायला जाऊन सगळं घर झोपवलं.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. हा सिग्नल न्यूट्रलच्या हिशेबानं असतो, त्यामुळे फेज-न्यूट्रल कुठे उलटे झाले असतील तर त्या "कमी व्होल्टच्या" वायरीला हात लागताच २३० व्होल्टचा झटका बसू शकतो. या वायरीला नेहमी मेनचीच वायर समजा. तिच्यासाठी वेगळा रंग ठेवा. हिरवा कधीच नको, तो अर्थिंगचा.

मधला दुवा म्हणून रिले मॉड्यूल घ्यायचा. तो साखळीत एका अलार्मसारखाच बसतो: फेजला फेज, न्यूट्रलला न्यूट्रल, सिग्नलला सिग्नल. दुसऱ्या बाजूला त्याला तीन टर्मिनल असतात: कॉमन, एनओ (एरवी उघडं) आणि एनसी (एरवी जोडलेलं). अलार्म वाजला की कॉमन आणि एनओ आतून जोडले जातात, बस्स. हे नुसतं बटण आहे, त्यातून स्वतःचा करंट येत नाही. वायरमन त्याला ड्राय कॉन्टॅक्ट म्हणतात. तुमचा दिवा किंवा चकती त्याच्या वेगळ्या सप्लायवर, या बटणातून जाईल.

लाईट गेल्यावर काय?

खरी आग पुष्कळदा वायरिंगमधूनच लागते आणि तेव्हा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप तुटणारा स्विच, पडतो. पावसाळ्यात हेस्कॉमची (आमच्याकडची वीज कंपनी) लाईट तासन्‌तास गेलेली असते, तेव्हा मेणबत्त्या आणि चुली पेटतात. म्हणजे ज्या घडीला अलार्म हवा, त्याच घडीला घरात लाईट नसण्याची शक्यता सर्वांत जास्त. अलार्मच्या आत स्वतःची बॅटरी असते, तो वाजेल. पण पुष्कळ रिले मॉड्यूल मेन गेला की मरतात. मग पुढची १२ व्होल्टची बॅटरी भरलेली असूनही चकती हलणार नाही.

त्यामुळे विकत घेतानाच विचारा: "मेन नसताना रिले चालतो का?" बॅटरीचा आधार असलेला रिले मिळाला तर तोच घ्या. नाहीतर अलार्म आणि रिले यांचं सर्किट इन्व्हर्टरवर न्यावं लागेल. तसं करताना इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर अलार्म चालवायला पुष्कळ कंपन्या मनाई करतात. आणि सगळे अलार्म व रिले एकाच एमसीबीवर, एकाच फेजवर असू द्या. निपाणी-चिकोडीकडे गोदाम आणि घर एकत्र असलेल्या ठिकाणी थ्री फेज असतो. तिथे खालचा अलार्म एका फेजवर आणि वरचा दुसऱ्यावर, अशी वाटणी करू नका.

१२ व्होल्टच्या बाजूला सीलबंद ७ अँपिअर-अवर बॅटरी आणि तिला सतत चार्ज ठेवणारा चार्जर पुरतो. हिशेब सोपा आहे. समजा दिवा १५० मिलिअँपिअर, चकती २५० आणि भोंगा २०० घेतो. मिळून ६००, म्हणजे ०.६ अँपिअर. बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तरी पाच तासांहून जास्त चालेल.

जोडणी

एमसीबी पाडा. मग इन्व्हर्टरसुद्धा बंद करा, आणि नुसतं बटण दाबून नव्हे, त्याचं आउटपुट तोडून. ही पायरी लोक विसरतात: मेन पाडला की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि "बंद" वायरीत फेज परत येतो. अलार्मच्या बैठकीत मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि सिग्नल-अर्थ असं तीनदा मोजा. नुसत्या टेस्टरच्या लुकलुकीवर भरवसा ठेवू नका.

साखळीतल्या शेवटच्या अलार्मपासून रिलेच्या डब्यापर्यंत तिन्ही वायरी कंड्युटमधून (वायरीच्या नळीतून) न्या, १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या. प्रत्येक बैठकीत फेज आणि न्यूट्रल एकाच बाजूला आहेत याची खात्री इथेच करून घ्या. एक जरी उलटी निघाली तर पुढे जाऊ नका.

आता १२ व्होल्टची बाजू. बॅटरीच्या प्लसला लगेच, हातभर अंतराच्या आत, २ अँपिअरचा फ्यूज. फ्यूजमधून वायर कॉमनला. एनओमधून निघालेली वायर दिवा, चकती आणि भोंगा यांच्या प्लसला, तिन्ही समांतर. तिघांचे मायनस एकत्र करून थेट बॅटरीच्या मायनसला. चकतीत मोटर असते आणि ती बंद होताना उलटा झटका देते; त्यानं रिलेचे संपर्क हळूहळू जळतात. चकतीच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू प्लसकडे. काही रुपयांचं काम आहे.

इथे टेलिफोनची बारीक वायर वापरायचा मोह होतो. बॅटरीपासून खोली १५ मीटरवर असेल तर करंटला जाऊन-येऊन ३० मीटर पडतात. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.६ अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट जातो, तो चालतो. टेलिफोनच्या वायरीत दीड व्होल्टहून जास्त जातो, आणि बॅटरी उतरत आली की चकती नुसती गुणगुणते.

१२ व्होल्टच्या वायरी मेनच्या कंड्युटमधून नेऊ नका. जिन्यातला २३० व्होल्टचा दिवाही लागावा असं वाटत असेल, तर त्याच्यासाठी दुसरा रिले घ्या. एकाच संपर्कावर दोन्ही व्होल्टेज आणायचे नाहीत. रिलेवर किती अँपिअर लिहिलेत तेही वाचा. मोठ्या मोटरचा भोंगा असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेलणारा मोठा रिले, लागतो.

डबा झाकणाचा आणि कोरड्या भिंतीवर असावा. जांबोटी-खानापूर पट्ट्यात भिंती चार महिने ओल धरतात आणि टर्मिनल हिरवी पडतात. पहिल्या पावसात दिव्याभोवती येणारी पाखरं अलार्मच्या जाळीत शिरून खोटा अलार्म देतात. जाळी मऊ ब्रशनं झाडत जा. आणि खोटा अलार्म वारंवार येतोय म्हणून कुणी रिले काढून ठेवण्याआधी स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म बदलून तिथे उष्णतेचा बसवा.

चाचणी

आधी मेन चालू असताना प्रत्येक अलार्मचं बटण दाबा. कुठल्याही एकावरून दिवा, चकती आणि भोंगा चालू झालेच पाहिजेत, आणि बाकीचे अलार्मही वाजलेच पाहिजेत. मग मेन पाडून हेच पुन्हा करा. उदबत्तीचा धूर देऊन बघू नका, तिचा तेलकट थर आत बसतो. चाचणीचा स्प्रे मिळतो, तो वापरा. शेवटी रात्री, ते माणूस खरोखर झोपलेलं असताना, त्याला आदल्या दिवशी कल्पना देऊन एकदा करा. आमची आजी पहिल्या रात्री उठली नाही. चकती जाड कापसाच्या गादीखाली होती. उशीच्या अभ्र्यात घातल्यावर उठून बसली आणि ठरल्याप्रमाणे परसूच्या दाराकडे गेली.

डब्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत चिठ्ठी लावा: हे काय आहे, कुठला एमसीबी, बॅटरी कधी बसवली, आणि आगीसाठी १०१ किंवा ११२. उद्या येणारा वायरमन किंवा वरचा भाडेकरू कुठली भाषा वाचेल सांगता येत नाही. अलार्मच्या पाठीवरची तारीखही तिथे उतरवा. १० वर्षं झाली की अलार्म बदलायचा.

महिन्याची चाचणी विसरू नये म्हणून आम्ही ती संकष्टीला बांधली आहे. चंद्रोदयाची वाट बघत सगळे घरातच असतात. काकूंना आधी सांगतो, मेन पाडतो, आणि आजी स्वतः काठीनं माजघरातल्या अलार्मचं बटण दाबते.