घर सोडल्यावरचे पहिले कर्ज आणि बिघडलेला सिबिल : या चुका टाळा

नोकरी लागून लातूर, धुळे किंवा चिपळूणहून पुण्या-मुंबईला आलेल्या मुलामुलींना पहिला पगार हातात पडण्याआधीच खोलीचे डिपॉझिट, दलाली, गादी-भांडी आणि मेसचे आगाऊ पैसे भरावे लागतात. घरून मागायचा संकोच वाटतो, म्हणून ही तूट क्रेडिट कार्ड, मोबाइलवरचे झटपट कर्ज किंवा ‘आता घ्या, नंतर भरा’ अशा सोयींतून भरून निघते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र पुढे सिबिलचे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणाऱ्या गुणांकाचे, जे नुकसान होते ते बहुतेक वेळा कर्जाच्या रकमेपेक्षा पहिल्या काही महिन्यांतल्या चुकांमुळे होते, आणि त्यातली सर्वांत महाग चूक म्हणजे भीतीपोटी स्टेटमेंट न उघडणे आणि कोणाशीही न बोलणे.

‘मिनिमम ड्यू’ भरले म्हणजे बिल भरले, असे समजणे

कार्डाच्या बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात, एक पूर्ण देय आणि एक किमान देय. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते आणि खाते थकीत दिसत नाही, पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरूच राहते. समजा, बाकी ४०,००० रुपये आहे, व्याज महिना साडेतीन टक्के आहे आणि किमान देय २,००० रुपये आहे. एका महिन्याचे व्याज १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये, म्हणजे एकूण १,६५२ रुपये झाले. तुम्ही भरलेल्या २,००० रुपयांतून मुद्दल फक्त ३४८ रुपयांनी कमी झाले. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे त्याच कार्डावर आणलेल्या किराण्यालाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. म्हणून बाकी फिटेपर्यंत ते कार्ड बाजूला ठेवावे आणि रोजचा खर्च रोखीने किंवा बचत खात्यातून करावा. पूर्ण रक्कम झेपत नसेल, तर बँकेकडे बाकीचे हप्त्यांत रूपांतर करून मागावे. त्याचा व्याजदर आणि शुल्क लेखी घेऊन तुलना करावी, कारण बहुधा तो कार्डाच्या नेहमीच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो. कार्डाने एटीएममधून रोख काढणे तर टाळावेच, कारण तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि वर वेगळे शुल्क द्यावे लागते.

हप्ता फेडण्यासाठी दुसऱ्या ॲपवरून कर्ज काढणे

एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालण्याचा हा प्रकार खऱ्या अर्थाने इथेच घातक ठरतो. बेकायदा ॲप १०,००० रुपये मंजूर करते, ‘प्रोसेसिंग’च्या नावाखाली २,५०० कापून ७,५०० खात्यात टाकते आणि पंधरा दिवसांत पूर्ण १०,००० मागते. म्हणजे हाती आलेल्या पैशावर पंधरवड्यात ३३ टक्के भार पडला. ही रक्कम फेडायला दुसरे ॲप, मग तिसरे, आणि त्यांतल्या नोंदणीकृत संस्थांकडे केलेल्या प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या पतअहवालात, म्हणजे कर्ज आणि फेडीच्या नोंदपत्रकात, नोंदवली जाते.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या संस्थेने पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात जमा केले पाहिजेत, सर्व शुल्कांसह वार्षिक खर्च सांगणारे तपशीलपत्रक आधी दिले पाहिजे आणि फोनमधली संपर्कयादी किंवा छायाचित्रे ॲपने पाहता कामा नयेत. जे ॲप संपर्कयादीची परवानगी मागते, ते तिथेच काढून टाकावे. बँका आणि वित्तसंस्थांनी स्वतः कळवलेल्या कर्ज-ॲपची यादी २०२५पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. आपले ॲप आणि त्यामागची संस्था तिथे आहे का, हे अर्जापूर्वी पाहावे. छायाचित्रांत फेरफार करून किंवा नातेवाइकांना फोन करून कोणी धमकावत असेल, तर संदेश आणि क्रमांक जपून ठेवावेत आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी. अशा वेळी घाबरून आणखी पैसे पाठवल्याने मागणी थांबत नाही, ती वाढते.

नोकरी बदलताना जुने पगार खाते विसरणे

ही चूक हेतुपुरस्सर कोणीच करत नाही. नवी कंपनी नव्या बँकेत पगार जमा करते, जुन्या खात्यात पैसे उरत नाहीत आणि हप्त्याची स्वयंचलित वजावट तिथेच अडकलेली असते. हप्ता परत गेला की बँकेचा दंड, कर्जसंस्थेचा दंड आणि अहवालात विलंबाची नोंद, अशी तिहेरी किंमत मोजावी लागते. म्हणून नोकरी बदलण्यापूर्वी वजावट नव्या खात्यावर वळवावी, मोबाइल क्रमांक आणि पत्ता अद्ययावत करावा आणि वापरात नसलेल्या कार्डाची वार्षिक फी बाकी तर नाही ना, हे तपासावे.

शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यात बहुतेक वेळा आई किंवा वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे हप्ता चुकला तर त्यांच्या नावावरही तीच नोंद होते. जामीनदाराचे दायित्वही कर्जदाराइतकेच असते, तेव्हा खोलीवरच्या मित्राच्या कर्जाला भिडेपोटी सही देऊ नये.

‘सेटलमेंट’ला कर्जमुक्ती मानणे

थकबाकीच्या निम्म्या रकमेत प्रकरण मिटवू, असा फोन आला की सुटल्यासारखे वाटते. पण तडजोडीने मिटवलेले कर्ज अहवालात ‘सेटल्ड’ असे दिसते, ‘क्लोज्ड’ असे नाही, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी त्याचा अडथळा येतो. मुदत वाढवून, हप्ता लहान करून पूर्ण रक्कम फेडता येत असेल तर तोच मार्ग मागावा. खरोखरच दुसरा इलाज नसेल तर तडजोडीचे पत्र आधी हातात घ्यावे, पैसे संस्थेच्या खात्यातच भरावेत, एजंटच्या हाती रोख कधीही देऊ नये.

सिबिल बिघडलाच असेल तर

सिबिल गुणांक ३०० ते ९०० यांमध्ये असतो. स्वतःचा गुणांक पाहिल्याने तो घटतो, हा गैरसमज आहे. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो घेऊन प्रत्येक कर्ज आपलेच आहे का आणि बंद झालेले कर्ज चालू दिसते का, हे पाहावे. चूक आढळल्यास ऑनलाइन हरकत नोंदवावी. ३० दिवसांत निराकरण झाले नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

त्यानंतर सर्व थकबाकी एका कागदावर लिहावी : रक्कम, व्याजदर, किती दिवस उशीर. ९० दिवसांच्या उंबरठ्यावर आलेले खाते आधी सावरावे, कारण त्यापुढे ते अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या लेखी फेड थांबलेले, ठरते. मग सर्वांत जास्त व्याजाचे कर्ज फेडायला घ्यावे. हप्ता चुकणार हे दिसताच, चुकण्याआधी, शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा. वसुलीचे फोन सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नियम मोडले जात असतील तर प्रथम बँकेकडे तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागावी.

बँकेच्या नोकरीची तयारी करणाऱ्यांनी तर हे काम लांबवू नये, कारण बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या जाहिरातींत उमेदवाराचा कर्जफेडीचा इतिहास चांगला असावा, अशी अट असते. नव्याने पत उभी करायची असल्यास मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड घ्यावे, मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरावे. सिबिलच्या अहवालात मागील ३६ महिन्यांची फेड दिसते, त्यामुळे सुधारणा सावकाश होते. पैसे घेऊन आठवड्यात गुणांक वाढवून देतो म्हणणाऱ्यांना आधार क्रमांक आणि ओटीपी देऊन नवे संकट ओढवून घेऊ नये. शेवटचा हप्ता भरल्यावर संस्थेकडून ना-हरकत दाखला घ्यावा आणि महिन्या-दीड महिन्याने अहवाल पुन्हा काढून ते खाते ‘क्लोज्ड’ झाले आहे, याची खात्री करून घ्यावी.