शिकोकूतल्या इया खोऱ्यात दोन दिवस कसे काढावेत

जपानला जाणारे बहुतेक जण तोक्यो, क्योतो, ओसाका करून परततात. त्याच सहलीत दोन दिवस काढता आले तर शिकोकू बेटावरचं, तोकुशिमा प्रांतातलं इया खोरं गाठा. एका दिवसात उरकायला मात्र जाऊ नका. इथल्या बस मोजक्याच, आणि एक चुकली की तासन्‌तास नदी बघत बसायचं. मी बसलोय.

१. आधी शिन्कान्सेनने (बुलेट ट्रेन) ओकायामा. तिथून ‘नानपू’ एक्स्प्रेस पकडा. १९८८ साली खुल्या झालेल्या सेतो महापुलावरून ती समुद्र ओलांडते, तेव्हा खिडकी सोडू नका. दोनेक तासांत ओबोके स्टेशन येतं, खोऱ्याची बस तिथूनच. उतरल्या उतरल्या बसच्या वेळापत्रकाचा फोटो काढून घ्या, परतीच्या बससकट. गाडी भाड्याने घेणार असाल तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. रस्ते अरुंद आणि वळणांचे, पण घाटात गाडी चालवलेल्याला जड जाणार नाही. येन रोख ठेवा.

२. सकाळी लवकर, टूरच्या बस यायच्या आत, काझुराबाशी. रानवेलींनी विणलेला हा पूल ४५ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि पाण्यापासून १४ मीटर उंच आहे. दर ३ वर्षांनी तो नव्याने बांधतात. वेलींच्या आत पोलादी तारा आहेत, तरी जीव खालीवर होतोच, कारण पायाखालच्या लाकडांमधल्या फटींतून थेट नदी दिसते. मोबाइल खिशात घाला, दोन्ही हात वेलींना. पूल एकेरी आहे, मध्यातून मागे फिरता येत नाही. ११८५ साली युद्ध हरलेले हेइके घराण्याचे लोक इथे लपले आणि शत्रू आलाच तर झटकन तोडता यावेत म्हणून पूल वेलींचे केले, अशी दंतकथा सांगतात.

३. मग पोटोबा. पुलाच्या आसपास निखाऱ्यांभोवती काड्या खोचलेल्या दिसतील. एका काडीला बटाटा, घट्ट टोफू आणि कोन्याकू (एका कंदाची जेलीसारखी वडी), वरून मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) लेप. हे ‘देकोमावाशी’. ‘देको’ म्हणजे बाहुली. भाजताना काडी फिरवतात ती बाहुली नाचवल्यासारखी, म्हणून हे नाव. कडेचा मिसो किंचित करपला की खरी चव. मासे चालत असतील तर शेजारीच मीठ चोळून भाजलेला आमेगो मिळतो, नदीतलाच.

इया सोबा चुकवू नका. बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या या शेवया जाड आणि आखूड असतात. चिकटपणासाठी घालायचं गव्हाचं पीठ यात जवळजवळ नसतंच, त्यामुळे चॉपस्टिकने उचलल्या की तुटतात. वाटी तोंडाला लावा, कोणी काही म्हणत नाही. शाकाहारी असाल तर सावध: सूप बहुतेक वेळा माशाच्या दाशीचं, म्हणजे अर्काच्या पाण्याचं असतं, वर एकही तुकडा दिसला नाही तरी. ‘साकाना नाशी’ (मासा नको) एवढ्याने भागत नाही, ‘दाशी’चंही वेगळं विचारा. मिसोतही ती असू शकते.

४. रात्री खोऱ्यातच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी डोंगरउतारावर चिकटलेलं ओचिआई गाव बघून पुढे नागोरोला जा. इथे माणसं बोटांवर मोजण्याइतकी आणि त्यांच्या कित्येक पट कापडी बाहुल्या: कोणी शेतात, कोणी बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात. अजून आत ओकु-इयाचे जोडपूल आहेत, पण ते हिवाळ्यात बंद असतात.

नागोरोच्या बसथांब्यावरही बाहुल्या बसलेल्या असतात. बसला अवकाश असेल तर त्यांच्याच शेजारी टेका.